दवाखान्यातून लॅबकडे: रक्त, लघवी आणि बेडक्याचे नमुने घेताना व पाठवताना

एक डॉक्टर, एक सिस्टर किंवा कम्पाउंडर, आणि दुपारी मोटरसायकलवर येऊन सॅम्पल उचलणारा तालुक्याच्या लॅबचा मुलगा. महाराष्ट्रातल्या कितीतरी छोट्या दवाखान्यांचं काम असंच चालतं आणि ही माहिती त्यांच्यासाठी आहे. रिपोर्ट विचित्र आला की पहिला संशय लॅबच्या मशीनवर जातो. पण मशीन बल्बमध्ये, म्हणजे नमुन्याच्या झाकणाच्या नळीत, जे आहे तेच मोजतं. बल्बवर भलतंच नाव पडलं असेल, रक्त फुटलं (म्हणजे त्यातल्या पेशी फुटल्या) असेल, त्यात गुठळी असेल किंवा डबा तीन तास उन्हात राहिला असेल, तर चांगल्यातलं चांगलं मशीनही चुकीचाच आकडा देणार. म्हणून नमुना आपल्या हातात असतो तेवढ्या वेळात काय करायचं, ते नीट पाहू.

आदल्या दिवशी काय सांगायचं

‘उद्या उपाशी या’ एवढ्यावर भागत नाही. आपल्याकडे उपवास म्हटलं की साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, केळं, चहा हे सगळं चालतं आणि पेशंट खरोखर ‘उपवास’ करूनच येतो. त्यापेक्षा ‘अनशापोटी या, रात्रीच्या जेवणानंतर फक्त पाणी’ असं सांगा आणि चहाचा वेगळा उल्लेख करा. साखरेसाठी ८ तास, लिपिड प्रोफाइलसाठी (रक्तातल्या चरबीची तपासणी) १० ते १२ तास. पाणी हवं तेवढं प्यावं. तहानलेल्या माणसाची शीर सापडत नाही.

मधुमेहाची सकाळची गोळी किंवा इन्सुलिन आधी घेऊन अनशापोटी यायचं नाही, वाटेतच साखर उतरू शकते. आधी रक्त द्यायचं, मग औषध आणि नाश्ता. जेवणानंतरच्या साखरेचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, जेवण संपल्यापासून नाही. त्या दिवशी जेवण रोजचंच आणि औषधही रोजचंच हवं. रिपोर्ट ‘चांगला यावा’ म्हणून पेशंट अर्धीच भाकरी खातो, तेव्हा त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. ब्लडप्रेशरची गोळी पाण्याबरोबर घेतली तरी चालते, थायरॉइडची रक्त दिल्यावर घ्यावी. केस गळतीवरच्या बऱ्याच गोळ्यांत बायोटिन असतं आणि थायरॉइडच्या तपासणीच्या काही पद्धतींत त्याने आकडे बिघडतात. तेव्हा त्या गोळ्या दोन दिवस आधी थांबवायला सांगा.

गरोदर बाईच्या साखरेची चाचणी मात्र अनशापोटीच व्हावी असं नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिली पाण्यात विरघळवून ५ ते १० मिनिटांत प्यायला द्यायचं आणि दोन तासांनी रक्त घ्यायचं. १४० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त आली तर ती गरोदरपणातली साखर. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर त्या दिवशी पुढे जाऊ नये, दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी.

नाव

सगळ्यात घातक चूक इथे होते आणि ती लॅबला कधीच कळत नाही. एका गावात एकाच आडनावाची चाळीस घरं असतात. त्यात ‘संगीता पाटील’ तीन निघतात आणि त्यातल्या दोघी एकाच सकाळी येतात. फॉर्मवर आणि बल्बवर पूर्ण नाव लिहा, म्हणजे स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. शिवाय वय आणि मोबाइलचे शेवटचे चार आकडे. नव्याने लग्न झालेल्या मुलीचं आधारवरचं नाव माहेरचं आणि फॉर्मवरचं सासरचं असतं. कुठलं तरी एक ठरवा आणि दोन्हीकडे तेच लिहा.

‘तुम्ही संगीता पाटील ना?’ असं विचारू नका. कमी ऐकू येणारी, तापाने ग्लानीत असलेली, किंवा डॉक्टरांपुढे संकोचलेली व्यक्ती कशालाही ‘हो’ म्हणते. ‘तुमचं पूर्ण नाव सांगा, वय सांगा’ असं विचारा आणि ऐकलेलं फॉर्मशी ताडून पाहा.

लेबल रक्त घेतल्यावर लावायचं, पेशंट समोर बसलेला असताना. आधीच नावं घालून बल्बची रांग मांडून ठेवली की एक पेशंट उठून जातो, दुसरा बसतो आणि त्याचं रक्त पहिल्याच्या बल्बमध्ये जातं. उलट, चार जणांचं रक्त काढून मग ‘हे कुणाचं बरं’ असं आठवत बसणं त्याहून धोक्याचं. एक पेशंट, त्याचेच बल्ब, त्याचंच लेबल, मग पुढचा. लेबलवर रक्त काढल्याची वेळ हवीच. नाव बॉलपेनने किंवा न पुसणाऱ्या मार्करने लिहा. बर्फाच्या डब्यात दमट झालं की जेल पेनची शाई पसरते आणि लॅबला लेबलवर फक्त निळा डाग मिळतो. लघवीच्या डबीवर किंवा बायोप्सीच्या बाटलीवर झाकणावर लिहू नका. झाकणं उघडली की अदलाबदल होते.

कुठला बल्ब कशाला

जांभळ्या झाकणाचा ईडीटीए (रक्त गोठू न देणारं औषध) बल्ब सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) साठी. यात २ मिली रक्त, बल्बवर खूण असते तिथपर्यंत. राखाडी झाकणाचा फ्लोराइड बल्ब फक्त साखरेसाठी. लाल झाकणाचा प्लेन किंवा पिवळ्या झाकणाचा जेल बल्ब लिव्हर, किडनी, लिपिड, थायरॉइड, डेंगीचं एनएस१ (विषाणूचं प्रोटीन) आणि आयजीएम (अँटिबॉडी), अशा सीरमच्या (रक्त गोठल्यावर सुटणारं पिवळसर पाणी) तपासण्यांना, ४ ते ५ मिली. फिकट निळ्या झाकणाचा सायट्रेट बल्ब पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) साठी.

सायट्रेटच्या बाबतीत माप काटेकोर हवं. त्यात ९ भाग रक्ताला १ भाग सायट्रेट असं प्रमाण धरलेलं असतं, २.७ मिली रक्ताला ०.३ मिली. रक्त कमी पडलं तर सायट्रेट जास्त होतं, आयएनआर खोटा वाढतो, आणि वॉरफरिनवर (रक्त पातळ करणारी गोळी) असलेल्या पेशंटचा डोस विनाकारण कमी केला जातो. हृदयाची झडप बदललेल्या माणसाच्या बाबतीत ही फार महागडी चूक आहे. खुणेपर्यंत भरला नाही तर तो बल्ब टाकून द्या, नवा घ्या. पीटीचा बल्ब फ्रीजमध्येही ठेवायचा नाही, बाहेरच ठेवायचा.

सगळ्या बल्बांची मुदत महिन्यातून एकदा बघा. जुन्या सायट्रेट बल्बमधलं पाणी उडालेलं असतं, जुन्या व्हॅक्यूम बल्बमधली ओढ संपलेली असते.

रक्त काढताना

पेशंटला हात टेकवता येईल अशा खुर्चीवर बसवा. पूर्वी कधी चक्कर आली होती का, रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का, हे आधी विचारा. हातमोजे घाला.

पट्टा कोपराच्या वर ७ ते १० सेंटिमीटरवर बांधा आणि एका मिनिटाच्या आत सोडा. जास्त वेळ आवळून ठेवला की पाणी शिरेतून बाहेर झिरपतं आणि प्रोटीन, कॅल्शियम, हिमोग्लोबिन सगळंच थोडं जास्त दिसतं. शीर दिसावी म्हणून पेशंटला मूठ उघड-मीट करायला लावायची सवय सोडा, त्याने पोटॅशियम वाढतं. एकदा मूठ मिटून ठेवली तरी पुरे. शीर शोधायला वेळ लागत असेल तर पट्टा सोडा, दोन मिनिटं थांबा, पुन्हा बांधा.

जागा ७० टक्के अल्कोहोलने पुसा आणि ३० सेकंद वाळू द्या. घाईत ओल्या कातडीतूनच सुई घातली तर पेशंटला झोंबतं आणि रक्तपेशी फुटतात. पुसल्यावर बोटाने शीर पुन्हा चाचपायची नाही, फुंकर मारायची नाही.

सुई मोठ्या माणसाला २१ किंवा २२ गेजची, बारीक शिरेला आणि मुलांना २३ ची. त्याहून बारीक सुईने जोरात ओढलं की रक्त फुटतं. सिरिंजचा दट्ट्या सावकाश ओढा. रक्त आपसूक यायला हवं, शिरेशी ओढाताण नको.

आता खास आपल्याकडची गोष्ट. तापाचा पेशंट आला की आधी सलाईन लागतं आणि मग कुणाच्या तरी लक्षात येतं की रक्त पाठवायचं राहिलं. ज्या हाताला डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाईन) चालू आहे त्याच हातातून वरच्या बाजूला रक्त घेतलं तर साखर कित्येक शेकड्यांत येते आणि हिमोग्लोबिन, सोडियम खाली जातं. रक्त आधी, सलाईन नंतर. सलाईन लागलंच असेल तर दुसऱ्या हातातून घ्या. तेही शक्य नसेल तर सलाईन किमान दोन मिनिटं पूर्ण बंद करा, सुईच्या खालच्या बाजूने घ्या, आणि फॉर्मवर तसं लिहा.

सिरिंजने रक्त काढलं असेल तर सुई तशीच ठेवून बल्बच्या रबरी झाकणातून टोचू नका. दाबाने रक्त आत आपटतं आणि फुटतं, बल्ब जास्त भरतो, हात निसटला तर सुई बोटात जाते. सुई आर्टरी फोर्सेप्सने पकडून काढून थेट शार्पच्या (सुया-ब्लेडच्या) डब्यात टाका, बल्बचं झाकण उघडा आणि रक्त बल्बच्या भिंतीवरून अलगद सोडा. फेस आला म्हणजे जोर जास्त झाला. व्हॅक्यूमचे बल्ब आणि होल्डर परवडत असतील तर तेच वापरा. हा सगळा घोळ वाचतो.

क्रम असा ठेवा: ब्लड कल्चरची (रक्तातले जंतू वाढवून पाहण्याची) बाटली असेल तर ती सगळ्यात आधी, मग फिकट निळा, मग लाल किंवा पिवळा, मग जांभळा, शेवटी राखाडी. कारण साधं आहे. ईडीटीए बल्बमध्ये पोटॅशियमचा क्षार असतो आणि तो कॅल्शियम पकडून ठेवतो. जांभळ्यातला एखादा थेंब लाल बल्बमध्ये गेला तर पोटॅशियम खोटं वाढतं, कॅल्शियम खोटं उतरतं, अल्कलाइन फॉस्फेटेजही पडतं. पोटॅशियम ८ आणि कॅल्शियम ४ असा रिपोर्ट आला, आणि पेशंट मात्र आरामात बाकावर बसून गप्पा मारतोय, तर ईडीटीए मिसळलं असावं असं समजा आणि नवं रक्त पाठवा. ‘लाल बल्ब कमी भरला, जांभळ्यातलं थोडं ओतूया’ हे कधीही करायचं नाही.

रक्त घेतल्यावर कापूस दाबून हात सरळ ठेवायला सांगा. कोपर मुडपून ठेवलं की आत रक्त साकळतं आणि दुसऱ्या दिवशी पेशंट काळानिळा हात दाखवायला येतो. दोन-तीन मिनिटं पुरतात, ॲस्पिरिन किंवा वॉरफरिनवर असणाऱ्यांना पाच किंवा जास्त.

बल्ब हलवणं, आणि प्लेटलेटचा घोटाळा

पावसाळ्यात डेंगीची साथ आली की दवाखान्यात सगळ्यांच्या तोंडी प्लेटलेट असतात. चाळीस हजारांचा रिपोर्ट पाहून घरचे घाबरतात, गाडी करून पेशंटला शहरात हलवतात, आणि तिथे पुन्हा तपासलं की दीड लाख निघतात. अनेकदा मूळ कारण दवाखान्यातल्या त्या पहिल्या दहा सेकंदांत असतं.

ईडीटीए बल्बच्या भिंतीवर औषधाचा पातळ थर असतो. रक्त आत पडल्याबरोबर तो मिसळला नाही तर बारीक गुठळ्या धरतात आणि प्लेटलेट त्यांत अडकतात. मशीनला सुट्या प्लेटलेट कमी दिसतात, तेवढाच आकडा ते देतं. म्हणून जांभळा बल्ब भरल्याबरोबर ८ ते १० वेळा अलगद उलटा-सुलटा करा. एक वेळ म्हणजे मनगट पूर्ण वळवून बल्ब उलटा आणि परत सरळ. आतला हवेचा बुडबुडा या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश सरकताना दिसला पाहिजे. खुळखुळ्यासारखा हलवायचा नाही, पेशी फुटतात. फ्लोराइडलाही ८ ते १०, सायट्रेटला ३ ते ४, लाल आणि पिवळ्याला ५ वेळा.

मग बल्ब उजेडाकडे तिरका धरा. रक्त भिंतीवरून एकसारखं ओघळलं पाहिजे. मागे काळपट दोरा, बुंदीएवढा गोळा किंवा झाकणाला चिकटलेला चिकट तुकडा दिसला, तर गुठळी झालीच. तो बल्ब पाठवायचा नाही. काडीने गुठळी काढून पाठवणं तर मुळीच नाही, तिच्यात अडकलेल्या प्लेटलेट परत येत नाहीत.

काही जणांच्या रक्तात नीट मिसळूनही ईडीटीएमुळेच प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. हा आजार नाही. अंगावर ठिपके नाहीत, रक्तस्राव नाही आणि आकडा फारच कमी, असं असेल तर लॅबला काचपट्टीवर बघायला सांगा. गुच्छ दिसले तर सायट्रेट बल्बमध्ये पुन्हा पाठवा आणि येणाऱ्या आकड्याला १.१ ने गुणा, कारण सायट्रेटने रक्त तेवढं पातळ झालेलं असतं.

सीबीसीचं रक्त साध्या खोलीच्या तापमानाला २४ तास बहुतेक आकड्यांसाठी टिकतं, पण काचपट्टी लवकर केलेली बरी. मलेरियाची जाड आणि पातळ पट्टी शक्य असेल तर दवाखान्यातच बोटातल्या रक्ताची करा, तासाभरात. डेंगीचा फॉर्म भरताना तापाचा कितवा दिवस ते लिहायला विसरू नका. एनएस१ पहिल्या पाच दिवसांत सापडतं, आयजीएम साधारण पाचव्या दिवसानंतर. दिवस माहीत नसेल तर निगेटिव्ह रिपोर्टवरून काहीच ठरवता येत नाही.

साखर आणि पोटॅशियम: वेळेचा हिशेब

रक्तातल्या पेशी बल्बमध्येही साखर खात राहतात. साध्या बल्बमध्ये, खोलीच्या तापमानाला, साखर ताशी ५ ते ७ टक्क्यांनी उतरते. सकाळी आठला घेतलेलं रक्त दुपारी एकला लॅबमध्ये पोचलं तर १३० ची साखर शंभराच्या आसपास येऊ शकते आणि मधुमेही माणूस ‘नॉर्मल’ ठरतो. फ्लोराइड ही गळती थांबवतं, पण लगेच नाही. त्याचा परिणाम पूर्ण व्हायला तास-दोन तास लागतात. म्हणून राखाडी बल्बही लवकर गेलेला बरा.

पोटॅशियमचं उलटं आहे. सेंट्रिफ्यूजमध्ये (गरगर फिरवून सीरम वेगळं करणारं यंत्र) न फिरवलेला लाल बल्ब फ्रीजमध्ये ठेवला की थंडीने पेशींचा पंप मंदावतो आणि आतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. ‘रक्त खराब होऊ नये म्हणून फ्रीजमध्ये ठेवलं’ ही चांगल्या हेतूने केलेली चूक आहे. आधी सीरम वेगळं करायचं, मग थंड ठेवायचं.

सीरम वेगळं करण्यासाठी बल्ब उभा ठेवून ३० मिनिटं गोठू द्या. झाकणाच्या आत गोठवणारं रसायन नसलेला साधा काचेचा बल्ब असेल तर ४५ ते ६० मिनिटं. घाई केली तर सीरममध्ये चिकट तंतू राहतात आणि मशीनची नळी तुंबते. रक्त काढल्यापासून दोन तासांच्या आत सेंट्रिफ्यूज व्हायला हवं. मधल्या आसापासून बल्बच्या तळापर्यंत १० सेंटिमीटर अंतर असलेलं छोटं यंत्र ३००० फेऱ्यांना सुमारे १००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या हजारपट) इतका जोर देतं, त्यावर १० मिनिटं पुरतात. समोरासमोर सारख्या वजनाचे बल्ब ठेवा. एकच असेल तर दुसऱ्यात तेवढंच पाणी भरा. पूर्ण थांबेपर्यंत झाकण उघडायचं नाही.

फिरवून झाल्यावर सीरम गवताच्या काडीसारखं फिकट पिवळं दिसलं पाहिजे. गुलाबी किंवा लाल झाक दिसली तर पेशी फुटल्या. पोटॅशियम, एलडीएच, एसजीओटी यांवर विश्वास ठेवू नका, पुन्हा घ्या. दुधासारखं पांढुरकं असेल तर बहुधा तूप-तेलाचं जेवण किंवा खूप वाढलेले ट्रायग्लिसराइड. जेल बल्ब एकदा फिरवल्यावर दुसऱ्यांदा फिरवायचा नाही. जेलखालचं, पेशींना टेकून राहिलेलं सीरम वर येतं आणि पोटॅशियम पुन्हा खोटं वाढतं. नवजात बाळाच्या काविळीचं रक्त उजेडात ठेवलं की बिलिरुबिन कमी येतं, बल्ब ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून पाठवा.

टायफॉइडची शंका असेल तर पहिल्या आठवड्यात ब्लड कल्चरला तोड नाही, पण ते अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी घ्यायला हवं. मोठ्या माणसाचं ८ ते १० मिली, लहान मुलाचं १ ते ३ मिली. बाटलीचं रबर अल्कोहोलने पुसून वाळू द्या. ही बाटली फ्रीजमध्ये कधीही ठेवायची नाही.

लघवी

डबी देताना तोंडी समजावून सांगा, नुसती हातात देऊ नका. स्वच्छ पाण्याने धुवायचं, पहिली धार सोडून द्यायची, मधली धार डबीत, शेवटची पुन्हा बाहेर. बायकांनी लघवीच्या जागेचे ओठ बाजूला करून, पाळी चालू असेल तर तसं सांगून. २० ते ३० मिली पुरते. डबीच्या आत बोट लावायचं नाही, झाकण आतली बाजू वर करून ठेवायचं. घरून धुऊन आणलेली लोणच्याची बरणी किंवा सरबताची बाटली स्वीकारू नका. साखर, मीठ, साबण यांतलं काही ना काही तिच्यात राहिलेलं असतं.

साधी तपासणी दोन तासांच्या आत व्हावी. कल्चरसाठी निर्जंतुक डबी, औषध सुरू करण्याआधी, आणि दोन तासांत पोचत नसेल तर २ ते ८ अंशांवर फ्रीजमध्ये, जास्तीत जास्त २४ तास. उबेला जंतू अर्ध्या तासाच्या आतच दुप्पट होतात. दुपारपर्यंत टेबलावर राहिलेल्या डबीत चार चुकार जंतूंचे लाखो होतात आणि निरोगी बाईला आठवडाभर अँटिबायोटिक खावं लागतं.

२४ तासांची लघवी गोळा करताना घोळ सुरुवातीलाच होतो. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि ती वेळ लिहायची. त्यानंतर दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंतची प्रत्येक लघवी कॅनमध्ये, दुसऱ्या दिवसाची पहिली धरून. एकदा जरी बाहेर गेली तरी पेशंटने ते सांगायला हवं, रागावण्याचं कारण नाही.

बेडका

थुंकी आणि बेडका यांतला फरक सांगितल्याशिवाय डबी देऊ नका. तोंडातली पातळ फेसाळ लाळ टीबीच्या तपासणीला उपयोगाची नाही. छातीतून खोकून काढलेला घट्ट, पिवळसर बेडका हवा, २ ते ५ मिली. साध्या पाण्याने चूळ भरायला सांगा, दोन-तीनदा खोल श्वास घेऊन रोखायला, मग जोरात खोकायला. हे काम दवाखान्याच्या आत किंवा संडासात कधीही नाही. मोकळ्या हवेत, इतरांपासून लांब, आणि तुम्ही वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे. झाकण घट्ट लागलं का ते पाहून डबी बाहेरून पुसा.

दोन नमुने लागतात, एक तिथल्या तिथे आणि एक दुसऱ्या दिवशी पहाटे उठल्याबरोबरचा. पोचायला उशीर होणार असेल तर थंड ठेवा. राष्ट्रीय क्षयरोग दूरीकरण कार्यक्रमाच्या केंद्रांत सीबीनॅट किंवा ट्रूनॅट (टीबीच्या जंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या तपासण्या) मोफत होते, तिथे पाठवण्यात संकोच नको. रक्तातल्या अँटिबॉडीवरून टीबी ठरवणाऱ्या चाचण्यांवर भारतात २०१२ पासून बंदी आहे, त्या कुणी सुचवल्या तरी पाठवू नका. टीबी ठरला तर खासगी डॉक्टरांनीही निक्षय या सरकारी पोर्टलवर नोंद करणं बंधनकारक आहे.

गाठीचा किंवा कातडीचा तुकडा

रुंद तोंडाची बाटली, १० टक्के फॉर्मालिन, आणि तुकड्याच्या किमान दहापट द्रव. बाजारातल्या फॉर्मालिनचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग मिळून हे होतं, बफर केलेलं तयार मिळालं तर तेच घ्या. सलाईनमध्ये पाठवलेला तुकडा वाटेतच कुजायला लागतो. अपवाद एक. टीबीची शंका असेल तर कल्चर आणि सीबीनॅटसाठी वेगळा तुकडा निर्जंतुक सलाईनमध्येच हवा, फॉर्मालिनने जंतू मरतात. कुठलाही तुकडा, अगदी चरबीची गाठ वाटली तरी, बादलीत टाकू नका.

पाठवणी

तीन थर करा. आत घट्ट झाकणाचे बल्ब उभे, स्टँडमध्ये. त्याभोवती गळणार नाही असा डबा किंवा झिपची पिशवी, आत फुटलं तर शोषून घेईल एवढा कापूस. बाहेर कडक खोकं. फॉर्म वेगळ्या प्लास्टिकच्या पाकिटात, बल्बाभोवती गुंडाळून रबर लावलेला नाही. बल्ब गळला तर फॉर्म रक्ताने भिजतो आणि लॅबला नावच वाचता येत नाही.

बर्फाचे पॅक फ्रीझरमधून काढून लगेच ठेवू नका. बाहेरून घाम सुटेपर्यंत थांबा आणि बल्ब व पॅक यांच्यामध्ये पुठ्ठा किंवा कापड ठेवा. बर्फाला टेकलेलं रक्त गोठून फुटतं. सीबीसी, पीटी आणि ब्लड कल्चर यांना बर्फ नको, पण ऊनही नको. मे महिन्यात अकोला, चंद्रपूरकडे पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा उन्हात उभ्या मोटरसायकलच्या डिकीत बल्ब अक्षरशः शिजतात. सॅम्पल थर्मोकोलच्या डब्यातच जाईल आणि डबा सावलीत राहील, हे लॅबशी बोलून ठरवून घ्या. उचलण्याची वेळही ठरवा. रक्त सकाळी आठला आणि गाडी चारला, तर त्या रक्तावर पोटॅशियम आणि साखर करण्यात अर्थ नाही. मग ती तपासणी गाडीच्या वेळेजवळ घ्या.

नमुन्यांचा फ्रीज वेगळा असावा. लसींच्या फ्रीजमध्ये नमुने नाहीत आणि नमुन्यांच्या फ्रीजमध्ये डबा-पाणी नाही. तापमान सकाळ-संध्याकाळ वहीत लिहा. वीज गेली तर किती वेळ गेली तेही.

एचआयव्हीची तपासणी समजावून, संमती घेतल्याशिवाय पाठवायची नाही, २०१७ च्या कायद्याने ते बंधन आहे. पाकिटावर किंवा बल्बवर त्याचा उल्लेख नको.

कचरा, सांड आणि सुई

सुया आणि ब्लेड पांढऱ्या, टोचणार नाही अशा डब्यात. सुईशिवायच्या सिरिंज, बल्ब, हातमोजे, सलाईनच्या नळ्या लाल पिशवीत. रक्ताचा कापूस, बँडेज पिवळ्या पिशवीत. काच निळ्या खोक्यात. रक्त उरलेले बल्ब आधी निर्जंतुक करून मगच. २०१६ च्या नियमांप्रमाणे कचरा ४८ तासांच्या वर दवाखान्यात राहता कामा नये. सुईला टोपी परत घालायची नाही, वाकवायची नाही. शार्पचा डबा तीन-चतुर्थांश भरला की बंद करा.

रक्त सांडलं तर हातमोजे घालून वर कागद किंवा कापूस टाका, त्यावर १ टक्का हायपोक्लोराइट ओता, किमान १० मिनिटं थांबा, मग गोळा करा. ५ टक्क्यांच्या बाटलीतला एक भाग आणि चार भाग पाणी म्हणजे १ टक्का. हे रोज ताजं करायचं, कालचं चालत नाही.

सुई टोचली तर बोट पिळू नका, तोंडात घालू नका. वाहतं पाणी आणि साबण. मग लगेच सरकारी रुग्णालय किंवा एआरटी केंद्र (एचआयव्हीची औषधं मिळणारं सरकारी केंद्र). एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध दोन तासांच्या आत सुरू झालं तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. ‘संध्याकाळी ओपीडी संपल्यावर बघू’ असं करू नका. दवाखान्यातल्या प्रत्येकाचे, झाडू मारणाऱ्या मावशींचेसुद्धा, हिपॅटायटिस बीचे तीन डोस झालेले असावेत: शून्य, एक आणि सहा महिने.

नोंदवही

एका ओळीत: तारीख, पूर्ण नाव, वय, मोबाइल, तपासणी, रक्त काढल्याची वेळ, दिल्याची वेळ, उचलणाऱ्याची सही, रिपोर्ट आल्याची तारीख, डॉक्टरांनी पाहिल्याची सही, पेशंटला कळवल्याची तारीख. शेवटचे तीन रकाने बऱ्याच वह्यांत नसतात आणि खरं नुकसान तिथेच होतं. रोज संध्याकाळी दहा मिनिटं काढून रिकामे रकाने बघा. तीन दिवस झाले आणि रिपोर्ट नाही, तर लॅबला फोन. रिपोर्ट आला पण पेशंट आलाच नाही, तर पेशंटला फोन. पोटॅशियम ६.५ च्या वर, साखर ५० च्या खाली, प्लेटलेट २० हजारांखाली असे आकडे लॅबने कागदाची वाट न पाहता फोनवर कळवायचे, हे आधीच सांगून ठेवा. फोन घेणाऱ्याने नाव आणि आकडा लिहून परत वाचून दाखवायचा आणि त्याच मिनिटाला डॉक्टरांच्या समोर नेऊन ठेवायचा, आत पेशंट असला तरी.